संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: मिग गेलं, त्याच्या जागी काय आलं?

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी मला एक पाकीट आलं. आत दोन ओळी. माझा बहिरेपणा, डावा कान पूर्ण आणि उजवा निम्मा, "सेवेमुळे उद्भवलेला नाही", सबब अपंगत्व निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. खाली गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, शिक्के सगळीकडचे सारखेच. मी वीस वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा कारागीर होतो, त्यातली बहुतेक मिग-21 या लढाऊ विमानाच्या शेपटीमागे गेली. सेवेमुळे नाही, तर मग कशामुळे? वरातीतल्या बँडमुळे?

असो. हे पत्र त्याबद्दल नाही. निदान तसं ठरवून बसलोय.

त्याच रात्री टीव्हीवर एक कोटवाले तज्ज्ञ सांगत होते की जुनी लढाऊ विमानंसुद्धा युद्धात पुरेशी पडतात, फक्त ती नीट वापरली पाहिजेत. खाली पट्टीवर शब्द येत होते म्हणून मला कळलं. साहेब, हे "नीट वापरणं" काय असतं ते मी हाताने केलंय, म्हणून लिहितो.

जुन्या विमानाची निंदा मी करणार नाही, माझं अन्न होतं ते. 14 डिसेंबर 1971 ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली ती मिग-21 विमानांनीच, आणि त्याच दिवशी गव्हर्नरांनी राजीनामा लिहून दिला. त्याच युद्धात राजस्थानातल्या लोंगेवालाला हंटर विमानांनी रणगाडे टिपले. पण मिग तेव्हा आठ वर्षांचं होतं, आणि लोंगेवालाच्या आकाशात शत्रूचं एकही विमान नव्हतं. या दोन गोष्टी भाषणात गाळल्या जातात. 2004 साली ग्वाल्हेरला अमेरिकेच्या एफ-15 बरोबर सराव झाला, त्यात आमच्या बायसननं, म्हणजे सुधारलेल्या मिग-21 नं, पाहुण्यांना चकित केलं हेही खरं. त्यावर किती वर्षं पेढे खायचे?

मिग-21 बनवलं होतं एका कामासाठी: घंटा वाजली की झटकन वर जायचं, आलेल्याला अडवायचं, तेल संपायच्या आत परत यायचं. पोटात तेलच कमी. नाकात हवा घ्यायचं तोंड, त्याच्या मधल्या शंकूत रडार. तो शंकू केवढासा! त्यात बसेल तेवढंच रडार, आणि ते दाखवेल तेवढंच आकाश. तुम्ही नवं क्षेपणास्त्र टांगा, नवं हेल्मेट द्या, शंकू काही वाढत नाही. मे 2025 मध्ये पंजाबात होशियारपूरजवळ शेतात पीएल-15 या लांब पल्ल्याच्या चिनी क्षेपणास्त्राचे अवशेष सापडले. शत्रू दिसायच्या आधी जे अंगावर येतं, ते हे. युक्रेनला मिळालेली जुनी एफ-16 हेच सांगतात. क्रूझ क्षेपणास्त्रं आणि ड्रोन ती पाडतात, चांगलं काम करतात, पण रशियाच्या लांब पल्ल्याच्या माऱ्यापासून अंग चोरूनच. तेव्हा तज्ज्ञसाहेबांना माझं उत्तर एवढंच: घराच्या अंगणात राखण करायला जुनं चालतं, जोवर कुंपणापलीकडे कोणीतरी नवं उभं आहे. सगळं कुंपणच जुन्यावर सोपवलंत, तर राखणदार मरतो.

आणि हा जुना राखणदार, म्हणजे विमान, कसा तगवला जातो ते पाहायला आपण कधी हँगरमध्ये रात्री दोनला आलात का? दिवसा नको, दिवसा रांगोळी असते. विमान खाली, चाकाच्या कप्प्यात मी अर्धा आत, दातात टॉर्च, कोपरावरून हायड्रॉलिकचं तेल ओघळतंय. लॉकिंग वायर पिळताना बोटं कापायची. ते तेल जखमेत गेलं की कसं चरचरतं, ते सचिवांना विचारू नका. हवा तो सुटा भाग भांडारात नसायचा. मग कोपऱ्यात उघड्या पडलेल्या दुसऱ्या विमानातून काढून ह्यात बसवायचा. एक उडवायला दुसरं कायमचं जमिनीवर, आणि कागदावर दोन्ही स्क्वॉड्रनच्या ताकदीत मोजलेली! कानावर लावायचे मफ तिघांत एक. उरलेल्या दोघांनी कापूस घालायचा. रीहीट, म्हणजे इंजिनाचा जादा जाळ, लागला की छातीचा पिंजरा हलतो, कापसाचं काय घेऊन बसलात.

एकदा एक विमान परत आलं नाही. तळ कुठला, साल कुठलं, लिहीत नाही, त्या पोराची आई असेल अजून. बातमी आल्याबरोबर पहिली गोष्ट काय होते माहीत आहे? फॉर्म 700, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, जप्त होतो. शेवटच्या पानावर माझी सही होती. चौकशीत पक्षी धडकल्याचं निघेपर्यंत मी झोपलो नाही. तो पोरगा शिडी चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, पडायला नको म्हणून.

2012 साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनीच संसदेत सांगितलं, घेतलेल्या 872 मिगपैकी 482 कोसळली, 171 वैमानिक गेले. निम्म्याहून जास्त! आकडा चुकला असेल तर आपले सचिव दुरुस्त करतील, त्यांना तेवढं तरी काम. त्यानंतर पुन्हा 2023 च्या मे महिन्यात हनुमानगडला मिग घरावर पडलं. तीन बाया गेल्या. त्या कुठल्या युद्धात होत्या?

आता आश्वासन. फेब्रुवारी 2021 मध्ये 83 तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानांचा करार झाला, 48 हजार कोटींच्या आसपास. पहिलं विमान मार्च 2024 पर्यंत. तो मार्च गेला, पुढचाही गेला. 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला आपण मिगला निरोप दिलात, पाण्याचे फवारे उडवलेत, 62 वर्षांची सेवा म्हणालात. छान झालं, मी घरी रडलो. पण त्याच्या आदल्या दिवशी आपण आणखी 97 तेजसवर सही केली होती, 62 हजार कोटींच्या वर, आणि आधीच्या 83 पैकी एकही दलात आलेलं नव्हतं. मंजूर स्क्वॉड्रन 42, निरोपानंतर हातात 29. तेरा कमी. एका स्क्वॉड्रनला सोळा-अठरा विमानं धरा आणि करा गुणाकार. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकला तेजसची तिसरी उत्पादन साखळी सुरू केलीत, फीत कापलीत. इंजिन मात्र अमेरिकेहून येणार, आणि ते त्यांच्या सवडीनं.

हवाई दलप्रमुख स्वतः 2025 मध्ये म्हणाले की एकही प्रकल्प वेळेत पुरा झाल्याचं त्यांना आठवत नाही. त्यांना आठवत नाही, मला ऐकू येत नाही, आपल्याला दिसत नाही. असं आपलं संरक्षण!

तेजसचा कार्यक्रम 1983 चा. मी शाळेत होतो. 126 परदेशी लढाऊ विमानांची निविदा 2007 ची, 2015 मध्ये गुंडाळली. हॉक शिकाऊ विमानांना वीसेक वर्षं लागली, तोवर पोरं थेट मिगवर शिकत होती आणि मरत होती. सरकारं चार प्रकारची आली, समित्या चाळीस प्रकारच्या. निविदा, चाचणी, किंमत-वाटाघाटी, आरोप, रद्द, पुन्हा निविदा. ह्या सगळ्यात कोणाची पेन्शन थांबली? माझी.

आता राहिली जग्वार ही जुनी लढाऊ विमानं, 1979 ची. 2025 च्या मार्च, एप्रिल आणि जुलैत एकेक पडलं. आज कोणीतरी विशीतला पोरगा त्याच्या पोटाखाली दातात टॉर्च धरून पडलेला आहे.

मागण्या थोड्या आहेत. दर महिन्याला किती नवी विमानं दलात दाखल झाली, तो आकडा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. शून्य असेल तर शून्य लिहा. त्या पोराला मफ द्या, तिघांत एक नको. आणि माझी फाइल कोणीतरी उघडून वाचा.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका, ऐकू येत नाही.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, एअरफ्रेम फिटर