मुख्याध्यापकांना वर्गात बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकदिनाच्या सत्कारांची छायाचित्रं आपल्या अंकात पाहिली. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर झालं. आता पुढच्या ५ सप्टेंबरपर्यंत शिक्षकांची आठवण निघेल ती एखादी माहिती 'तातडीने' हवी असेल तेव्हाच. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी इथल्या महापालिकेच्या गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकते. घरी मराठी, शाळेत गुजराती. वडोदऱ्यातल्या आपल्या अनेक घरांत हेच चालतं. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून माझी निवड झाली, तेव्हापासून शाळेत जाणं-येणं वाढलं. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. नाहीतर आम्हाला कोण विचारतं!

एकदा सहीसाठी थांबले होते तेव्हा चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. ६१२ भागिले ६. निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर १२. बेननी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, फळ्यावर पुन्हा करून दाखवलं, "मधलं शून्य विसरू नका" म्हणून बजावलं, मुलांनी खोडून १०२ केलं. पुढच्या गणितात परत तेच. मागच्या बाकावर मुख्याध्यापक वही घेऊन बसले होते. वर्गात ते काही बोलले नाहीत. सुट्टीत बेनना म्हणाले, "मुलं शून्य विसरत नाहीत, ते येतं कुठून हेच त्यांना कळलेलं नाही. उद्या मी तास घेऊ? तुम्ही मागे बसा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. त्यांनी टेबलावर शंभराच्या सहा आणि दहाची एक अशा खोट्या नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली, सहा मुलं पुढे बोलावली आणि सांगितलं, सारखं वाटून घ्या. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला मिळाली. दहाची नोट एक आणि हात सहा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक मुलगा म्हणाला, "सर, सुट्टे करा." सुट्टे केले, बारा नाणी झाली, प्रत्येकी दोन. "दहाच्या नोटा कुणाकडे किती?" "एकही नाही!" मग फळ्यावर १ आणि २ च्या मध्ये शून्य लिहिलं गेलं, तेही मुलांनीच सांगून. नंतर बेननी ८२४ भागिले ८ स्वतः त्याच पद्धतीने घेतलं. बेनना वर्गासमोर कुणी टोकलं नाही, कुणाला नोटीस गेली नाही आणि तासाचा कायापालट झाला.

असे तास वाढावेत तर मुख्याध्यापक वर्गात हवेत. ते असतात कुठे, हे आम्ही समितीवाले रोज पाहतो. आमच्या शाळेत कारकून नाही. माध्यान्ह भोजनाचे आकडे, ऑनलाइन हजेरी, यू-डायस या सरकारी नोंदणीसाठी शाळेची माहिती, शिष्यवृत्तीसाठी आधार आणि बँक खात्याची जोडणी, सगळं त्यांच्याच माथी. आधारचा ओटीपी जातो आईच्या मोबाइलवर, आणि आई बसलेली असते खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेऊन. ती गिऱ्हाईक सोडून आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा फोन. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर वरून निरोप येतो: अमुक तक्ता बारा वाजेपर्यंत पाठवा.

लहान शाळांची तऱ्हा याहून बिकट. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीत १५० पेक्षा जास्त मुलं असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरला आहे; सहावी ते आठवीत ही मर्यादा १०० आहे. त्याखालच्या शाळेत एखाद्या शिक्षकाकडेच प्रभार येतो आणि त्यांचा स्वतःचा वर्गही असतो. ते बैठकीला गेले की तो वर्ग शेजारच्या वर्गात कोंबला जातो. याच कायद्याचं २७ वं कलम जनगणना, आपत्ती-मदत आणि निवडणूक सोडून बाकीच्या अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू नका म्हणतं. तक्ते भरणं मात्र 'शैक्षणिक' ठरतं, तिथे कलम हात टेकतं.

काही जण म्हणतील, सगळेच मुख्याध्यापक असे नसतात. कबूल. काहींना रजिस्टरच बरं वाटतं, कारण रजिस्टर उलट प्रश्न विचारत नाही. पण दुसऱ्याचा तास पाहायचा कसा आणि न दुखवता बोलायचं कसं, हे त्यांना शिकवलं कुणी? गुजरातमध्ये या पदासाठी एचटाट ही वेगळी परीक्षा आहे, हे चांगलंच आहे. पण पर्यायांपुढचे गोल रंगवून हे कसब कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांनाही दरवर्षी ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातलं बरंचसं मोबाइलवर उरकतं, आणि व्हिडिओ चालू ठेवून चहाही करता येतो.

कारभार सोपवण्याआधी माणसाला शिकवावं लागतं, हे आपल्या गावाला तरी नवीन नसावं. नाशिककडच्या कवळाण्याहून आलेला जेमतेम बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे पुढचे महाराज सयाजीराव, १८७५ मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. इलियटसाहेबांनी त्याला शिकवलं. १८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती येण्याआधी दिवाण टी. माधवराव यांनी राज्य कसं चालवायचं यावर त्याला व्याख्यानं दिली. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. राजालाही कारभार हाती घेण्याआधी शिकवावं लागलं. आमच्या मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशी मिळाल्या त्या कपाटाच्या किल्ल्या आणि डेडस्टॉकचं, म्हणजे शाळेच्या सामानसुमानाचं, रजिस्टर.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. जवळच्या तीन-चार शाळांत मिळून एक कारकून द्यावा. शाळेच्या पहिल्या दोन तासांत वरून कुठलीही माहिती मागवू नये. आग लागल्यासारखी खरीच तातडी असेल तर गोष्ट वेगळी. नव्या मुख्याध्यापकाने पहिल्या सत्रात आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या शाळेत, चांगल्या मुख्याध्यापकासोबत वर्गात बसून काढावा. आणि चांगलं चाललेल्या शाळेतून वर्षाच्या मध्येच कुणाची बदली करू नये. नवीन माणूस येऊन मुलांची नावं पाठ करेपर्यंत दिवाळी येते.

शाळेचा विकास आराखडा करणं हे कायद्याने समितीचंच काम आहे. आमच्याकडे त्यात आजवर रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी यायची. या वेळी 'मुख्याध्यापक रोज एक तास वर्गात' हे पहिलं कलम घालायचं आम्ही चार आयांनी ठरवलं आहे, मसुदा गुजरातीत लिहून झाला आहे. इतर शाळांतल्या पालक-सदस्यांना विनंती, पुढच्या बैठकीत ग्रँटचा हिशेब मांडण्याआधी मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: या आठवड्यात तुम्ही किती तास पाहिलेत, आणि पाहिले नसतील तर तुम्हाला कुणी अडवलं?

आपली,
एक पालक-सदस्य
दांडिया बाजार, वडोदरा