नागपूरच्या काकांना, एका रिलेबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार रेडिओवर मानता येत नाहीत. मी विषय काढला रे काढला, की तुम्ही "चला, सेव्हंटी थ्री, कोणीतरी थांबलंय फ्रिक्वेन्सीवर" म्हणून मोकळे होता. (सेव्हंटी थ्री म्हणजे रेडिओवरच्या शुभेच्छा.) थांबलेलं कोणीही नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही. आणि ज्यांनी हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने एकमेकांशी बोलायच्या रेडिओचा, सेट कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यांनाही जरा कळू दे. पुण्याहून श्रीवर्धनला जायला कोणी शहाणा माणूस नागपूरला वळसा घालत नाही. आमचे निरोप मात्र घालायचे.

कॉलसाईन, म्हणजे लायसन्सवरचं रेडिओचं नाव, कोणाचंच लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतील.

आधी मोर्सचं, म्हणजे डॉट-डॅशच्या लिपीचं. लायसन्स हातात पडलं तेव्हा मला जनरल ग्रेडच्या परीक्षेपुरता मोर्स येत होता. मिनिटाला आठ शब्द, तेही घाम पुसत. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे तेवढ्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर, आले तर तिथे सगळे सटासट पाठवत होते. 'क्यूआरएस', म्हणजे जरा हळू, असं मागितलं की काही जण एखादं वाक्य हळू पाठवायचे आणि पुन्हा गाडी पळवायचे. तुम्ही हळू म्हणजे हळूच. एकेक अक्षर सुटं. माझा सेट म्हणजे अशर फरहान यांनी डिझाइन केलेला हैदराबादचा मायक्रोबिटेक्स, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मीच डब्यात बसवलेला. दहा-एक वॅटचा जीव. गच्चीवर वीस मीटर तार, जिला सोसायटीचे सेक्रेटरी आजही कपड्यांची दोरी समजतात. एवढ्याशा सिग्नलला तुम्ही कधी "नीट येत नाही" म्हणून झटकलं नाहीत. बँकेत दिवसभर काउंटरवर "मॅडम, लवकर करा" ऐकणाऱ्या बाईला रोज कोणीतरी सावकाश बोलणारं भेटत होतं. त्याची किंमत तुम्हाला कळायची नाही.

आता तो. एका रविवारी दुपारी माझ्या सीक्यूला, म्हणजे 'कोणी आहे का?' या हाकेला, उत्तर आलं. सिग्नल रिपोर्ट, नाव, गाव. श्रीवर्धन तालुका, सुपारीची वाडी. माझं नाव असं की मुलाचंही असतं आणि मुलीचंही, आणि मोर्समध्ये काही गळा ऐकू येत नाही. त्याने मला सरळ 'ओएम' करून टाकलं. हॅम मंडळींत पुरुष कितीही कोवळा असो, तो ओएम, ओल्ड मॅन. आणि बाई साठीची असली तरी वायएल, यंग लेडी. मी काही बोलले नाही. खरं सांगू, बरं वाटत होतं. बाई आहे म्हटल्यावर बँडवर जी एक जादा अदब येते ती नको होती. तो मला पोफळीवर चढणारे गडी कसे मिळत नाहीत ते सांगायचा, सुपारीचे भाव सांगायचा, "ओएम, तुमच्या पुण्यात काय दर आहे बघा जरा" म्हणायचा. मी मंडईत जाऊन खरंच बघून यायचे.

आणि त्याचा हात. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हे तुम्हीच शिकवलंत. बोलणं संपवून समोरच्याला पाळी देताना 'के' पाठवतात: डॅश, डॉट, डॅश. त्याचा शेवटचा डॅश ठरल्यापेक्षा जरा लांब असायचा. निरोप घेऊन झाल्यावरही उंबऱ्यात रेंगाळणारी माणसं असतात, तसा. मला त्या लांबलेल्या डॅशची सवय लागली. पुढे रविवारची जेवणं मी घाईघाईत उरकू लागले.

हौशी रेडिओवर गुप्त काही बोलायची सोय नाही. सांकेतिक भाषा चालत नाही, आणि ज्याच्याकडे सेट आहे त्याला सगळं ऐकू येतं. आमच्या बाबतीत तो 'ज्याच्याकडे' कोण होता, हे नंतर कळलं. तुम्ही त्या रविवारच्या दुपारी नागपुरात बसून सुपारीचे भाव ऐकत होतात! मला वायएल म्हणून ओळखतही होतात, त्याला ओएम म्हणताना ऐकतही होतात, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत. एवढा संयम माझ्या सख्ख्या काकांत नाही.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा वारा घेऊन. पुण्यातही झाडं पडली, आमची वीज गेली. रात्री वीज आली तसा मोबाइल लावला. श्रीवर्धनचा एकही नंबर लागेना. टॉवर बंद, वीज बंद, रस्त्यांवर झाडं आडवी. त्यात लॉकडाऊन, म्हणजे उठून जायची सोय नाही. टीव्हीवर उडालेले पत्रे आणि मुळासकट उलथलेल्या वाड्या दाखवत होते, आणि प्रत्येक आडव्या पोफळीत मला एकच वाडी दिसत होती, जी मी कधी पाहिलेलीच नव्हती.

रात्री सेट लावून बसले. जूनच्या विजांचा कडकडाट हेडफोनमधून कानात फुटत होता. त्याची नेहमीची फ्रिक्वेन्सी, थोडी वर, थोडी खाली. काही नाही. दुसऱ्या रात्रीही तेच. तुम्ही माईकवर आलात, विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही धीर द्यायला २००४ च्या डिसेंबरची गोष्ट काढलीत: भारती प्रसाद यांचं पथक अंदमानात निव्वळ हौसेचं स्टेशन चालवत होतं, २६ तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरहून बाहेर निरोप पोचवायचं काम त्याच स्टेशनने अंगावर घेतलं. "हॅम माणसाला तारेचा तुकडा आणि बॅटरी पुरते बाई," म्हणालात. मला तेव्हा ते पटलं नाही. तारेचा तुकडा राहिला असेल, पण माणूस?

शुक्रवारी रात्री तुम्ही मला माईकवर हाक मारलीत. "पुणे, पुणे, झोपू नको. तो बोलून राहिला."

मी ऐकत होते त्याच जागी. तुम्ही सांगितलेल्याच आकड्यावर. खरखर, कडकड, आणि शून्य. म्हटलं, "काका, मला काहीच येत नाहीये."

"येणारच नाही ना. तू फार जवळ आहे."

इथे जरा थांबून बाकीच्यांना सांगते. चाळीस मीटरची लहर वर जाते आणि आयनोस्फिअरवरून परतून खाली येते. दिवसा, विशेषतः भर दुपारी, तो थर दाट असतो, त्यामुळे जवळच्या गावाहून जवळपास सरळ वर गेलेली लहरही परत येते. आमच्या रविवारच्या गप्पा त्या जोरावर चालायच्या. रात्री थर विरळ होतो. सरळ वर गेलेली लहर आरपार अवकाशात जाते, तिरपी गेलेली तेवढी परतते, आणि उतरते ती शेकडो किलोमीटर लांब. मधल्या पट्ट्यात कोरडं. त्यात २०२० म्हणजे सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा तळ नुकताच गाठलेला, सूर्यावर डाग जवळजवळ नाहीत, त्यामुळे हा कोरडा पट्टा आणखी रुंद. पुणे ते श्रीवर्धन हवेतून जेमतेम शंभर किलोमीटर. पुणे ते नागपूर सहाशेच्या वर. तो दिवसभर गावकऱ्यांबरोबर रस्त्यावरची झाडं तोडायचा आणि रात्री इन्व्हर्टरच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर हाक द्यायचा. मी दोन्ही रात्री त्याच्या हाकेखाली बसले होते, आणि ती डोक्यावरून निघून नागपुरात उतरत होती.

पण तुम्हाला तरी तो कसा सापडला? कॉलसाईन विजांत तुटत होतं, असं तुम्ही नंतर सांगितलंत. फक्त शेवटचा 'के' पकडलात. "एवढा लांब डॅश दुसरा कोण देते?"

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. संवाद दोघांचा आणि मला ऐकू येतोय एकाचाच. तुमची की, म्हणजे मोर्स पाठवायची कळ, मुद्दाम सावकाश चालली होती, मला वाचता यावं म्हणून. तुमच्या प्रश्नांवरून त्याची उत्तरं ओळखायची. 'घरचे?' मग शांतता. मग तुमचं 'आर', म्हणजे मिळालं. चांगलं मिळालं की वाईट? तुम्ही माईकवर येऊन "सगळे ठीक, कौलं गेली, वाडी आडवी, अँटेना गोठ्याला बांधली आहे" म्हणेपर्यंत मी ओढणीचं टोक दातांत धरून बसले होते. मग तुम्ही पुन्हा कीवर गेलात आणि मी अक्षर अक्षर जोडत वाचलं: पुण्याची वायएल दोन रात्री तुमची वाट पाहते आहे.

वायएल. काका, तुम्ही ते चुकून पाठवलं नव्हतं. तुमचं चुकून काही होत नाही.

शांतता. बरीच. मग तुमचं 'आर आर', आणि पुन्हा एकदा, ठसठशीत, 'वायएल'. मग माईक सुरू झाल्याचा खट्ट आवाज आणि तुमचं हसू: "तो गप्प झाला. बॅटरी गेली की लाजला, समजून नाही राहिलं."

बॅटरी गेली नव्हती. कारण लगेच त्याने कामाचं सुरू केलं, आणि खरे आभार मला ह्याचे मानायचे आहेत. गावातल्या घराघरांतले चाकरमानी मुंबईत, इकडे फोन बंद, तिकडे जीव टांगणीला. त्याने नावं आणि नंबर पाठवले, तुम्ही वहीत उतरवले, एकेक आकडा परत म्हणून ताडून घेतला, आणि त्या रात्री नागपूरहून लालबाग, घाटकोपर, नालासोपारा असे फोन लावत बसलात. "तुमची आई बरी आहे, मी नागपूरहून बोलतो" ऐकून एका माणसाला हा फसवणुकीचा फोन वाटला, त्याने तुम्हाला शिव्या घातल्या. तुम्ही ऐकून घेतल्या, आणि आईच्या गोठ्यातल्या गाईचं नाव सांगितल्यावर तो रडला. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, काकींनी सांगितलं. हेही सांगितलं, की कूलरच्या मोटरची घरघर रिसीव्हरमध्ये येते म्हणून त्या सगळ्या रात्री तुम्ही कूलर बंद ठेवला होता. नागपुरात. जूनमध्ये. हे पत्र निम्मं काकींना आहे.

रिलेचा इतिहासही तुम्हीच सांगितला होता. १९१४ मध्ये हिराम पर्सी मॅक्सिम यांना हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला, जेमतेम तीस मैलांवर, निरोप पोचवता येईना. मधल्या गावच्या हॅमने तो पुढे दिला, आणि त्यातून अमेरिकेतली रेडिओ रिले लीग उभी राहिली. तिथे रिलेवाला मधे होता. आमचा भलत्याच टोकाला.

पुढच्या दिवसांत रात्रीचा रिले रोजचाच झाला. त्याच्याकडे वीज यायला बरेच आठवडे गेले. बॅटरी कुठून कुठून भरून आणायचा. 'ओएम' बंद झालं होतं, त्याऐवजी काय म्हणायचं हे त्याचं ठरत नव्हतं. एका रात्री मी धीर करून तुम्हाला म्हटलं, "काका, त्याला एटी एट सांगा." न जाणणाऱ्यांसाठी: एटी एट म्हणजे सेव्हंटी थ्रीच्या बऱ्याच पुढचं. तुम्ही साफ नकार दिलात. "सेव्हंटी थ्रीपर्यंत मी. पुढचं तुझं तू पाठव. उद्या दुपारी बँड चांगला राहील."

राहिला. मी पाठवलं. उत्तराला एवढा वेळ लागला की मी अँटेनाची पिन काढून पुन्हा लावली. मग उत्तर आलं, आणि त्यामागचा तो 'के', नेहमीपेक्षाही लांब. संध्याकाळी तुम्ही माईकवर येऊन गंभीरपणे विचारलंत, "दुपारी बँड बरा होता म्हणे?"

लग्नात तुम्ही दोघं आलात, हॉलच्या मागच्या रांगेत बसलात आणि पंगत उठायच्या आत रेल्वे गाठलीत. तेव्हाही आभार राहिले.

आता सूर्य पुन्हा तापला आहे. चक्राचा कळस गाठल्याचं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. हे आठवड्यातले चार दिवस वाडीवर असतात, नवी रोपं धरली आहेत, मी पुण्यात. रात्री चाळीस मीटरवर आम्हाला एकमेकांचं आता बऱ्याचदा थेट ऐकू येतं. तेव्हा सूर्य असा असता तर शुक्रवारी रात्री मीच त्याला उत्तर दिलं असतं आणि तो मला आजही ओएम म्हणत असता. परवा मी ह्यांना म्हटलं, आता रिले लागत नाही. तेवढ्यात तुमची की मधे वाजली: 'आर'.

तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
पुण्याची वायएल

ता. क. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं पार्सल पाठवलं आहे, वादळातून वाचलेल्या झाडांची. डॉक्टरांनी तुम्हाला सुपारी बंद केली आहे हे माहीत असल्यामुळे ते काकींच्या नावाने आहे. तुमचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे रेडिओवर बोलणं झाल्याची पोच, मात्र मला अजून मिळालेलं नाही. ५ जून २०२० चं. तारीख नीट घाला.