‘बसा’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यापासून माझ्याविषयी कुजबुज होती. माझ्या पत्नीच्या दोन्ही पापण्यांवर वांग्याच्या सालीसारखे जांभळे डाग उमटत, खोकल्याची मोठी उबळ आली किंवा ती केर काढायला वाकली की ते गडद होत, आणि पाहणाऱ्याला ती मारहाणीची खूण वाटे. ती काळा चष्मा लावून भाजीबाजारात जाऊ लागली, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली.

तुमच्याकडे येण्यापूर्वी तीन दवाखाने झाले होते. एकाने ॲलर्जी म्हणून मलम दिले, दुसऱ्याने वयाचे कारण सांगितले आणि तिसऱ्याने पेशंट ताटकळत बसलेले असताना सर्वांदेखत ‘घरी काही झाले का हो?’ असे मला हसत विचारले. हा प्रश्न विचारूच नये, असे मी म्हणणार नाही. कित्येक घरांत तो विचारायलाच हवा. पण तो बाईला एकांतात विचारायचा असतो.

तुम्ही तो तसाच विचारलात. मला बाहेर थांबवलेत, पुन्हा आत बोलावलेत आणि आजाराविषयी अवाक्षर काढण्याआधी स्वतः उठून स्टूल पुढे सरकवत म्हणालात, ‘बसा. यांना कोणीही मारलेले नाही, हे आधी तुम्हाला सांगते.’ मॅडम, त्या स्टुलावर बसून मी रडलो, आणि तुम्ही शांतपणे वाट पाहिलीत.

मग तुम्ही तिची जीभ पाहिलीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना जिभेशी काय काम, असे मला वाटले. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे होते, लघवीला फेस येत होता, पाय सुजत होते. हे सारे पापण्यांच्या डागांशी तोवर कोणी जोडलेच नव्हते. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशींचे प्रथिन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचते, त्या ठिसूळ होतात आणि पापणीच्या पातळ त्वचेखाली रक्त झिरपते, हे तुम्ही समजावलेत आणि ‘ॲमिलॉइडोसिस’ हा शब्द चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दिलात. पुढे बायोप्सीचा तुकडा काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिला, तेव्हा तो हिरवा चमकला आणि तुमचा संशय खरा ठरला. हृदयाला धक्का लागण्याआधी आजार सापडला, असे रक्तविकारतज्ज्ञ म्हणाले.

उपचार चालू आहेत. डाग अजून अधूनमधून उमटतात, पण ती आता चष्मा न लावता बाजारात जाते, आणि कोणी रोखून पाहिलेच तर तुमची ती चिठ्ठी पर्समधून काढून आजाराचे नाव मोठ्याने वाचून दाखवते.

आपला कृतज्ञ,
एका पेशंटचा नवरा