अन्नाआजीचं काय करू?

वसई,
15 जुलै

प्रिय पास्कू,

नाताळापासून तुला एक ओळ नाही आणि आज लिहितोय तेही अडलंय म्हणून. शिव्या नंतर दे. इकडे सगळे ठीक. आईची शुगर आहे तशीच, माझी पाठ आहे तशीच.

परवा धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतली एक पोरगी उभी राहिली. "सर, व्हॅटिकनने खरी शुभवर्तमानं दडवून ठेवलीत ना?" मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून आली होती. अगदी तुझा सूर रे! 2006 चा ईस्टर आठव. त्याच्या तोंडावर नॅशनल जिओग्राफिकने येशूला पकडून देणाऱ्या यहुदाच्या नावाचं शुभवर्तमान जाहीर केलं, पेपरवाल्यांनी उचललं आणि तू आमच्या ओट्यावर बसून बोंब ठोकलीस की यहुदाच खरा शिष्य. बाबांनी तुला चहासुद्धा विचारला नाही. मी तेव्हा म्हटलं तेच आजही म्हणतो. दडवायचंच होतं, तर इरेनियस बिशपांनी सन 180 च्या सुमारास त्याचं नाव घेऊन त्याला झोडपलं कशाला? त्याची कॉप्टिक, म्हणजे जुन्या इजिप्ती भाषेतली, पोथी न्यूयॉर्कजवळ हिक्सविलच्या बँकेत सोळा वर्षं कुजली, ती इजिप्तच्या एका पुराणवस्तू व्यापाऱ्याच्या लॉकरमध्ये. पोपचा काय संबंध? आणि 2012 मध्ये तू पाठवलेली ती 'येशूची बायको'! व्हिजिटिंग कार्डाएवढा पपायरसचा तुकडा, त्यावर येशूच्या तोंडी 'माझी बायको' असे शब्द, जगभर बातम्या. 2016 मध्ये एका पत्रकाराने त्याच्या मालकाचा माग काढला, तेव्हा तो तुकडा बनावट असावा असं तो जगापुढे आणणाऱ्या हार्वर्डच्या कॅरन किंग बाईंनीच मान्य केलं. त्यावर तुझा मेसेज आल्याचं काही आठवत नाही.

तर हे सगळं मी वर्गात ऐटीत सांगितलं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 ला निकेयातल्या बिशपांच्या सभेत मतं घेऊन बायबलची पुस्तकं निवडली, ही थापही उडवून लावली. आपली नव्या कराराची 27 पुस्तकं नेमकी तेवढीच असलेली यादी सापडते ती अथानासियस बिशपांच्या 367 च्या पत्रात, हेही सांगितलं. पोरगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सर, मग 26 जुलैला आपण ज्यांच्या नावाने आजी-आजोबांचा सत्कार करतो, ते योवाकीम आणि अन्ना बायबलमध्ये कुठे आहेत?"

कुठेच नाहीत, पास्कू! चारही शुभवर्तमानांत येशूच्या आईच्या, मरियेच्या, आईबापाचं नावसुद्धा नाही. ते येतं याकोबाच्या नावावर खपलेल्या दुसऱ्या शतकातल्या पुस्तकातून, आणि ते त्या 27 मध्ये नाही. मी रात्री ते पुन्हा वाचलं. मूल नाही म्हणून लोक बोलतात, योवाकीम रानात जाऊन चाळीस दिवस उपास करतो. इकडे अन्ना बागेत झाडाखाली बसलीय, वर बघते तर फांदीवर चिमण्यांचं घरटं. पाखरांनाही पिल्लं आहेत, मलाच नाही, म्हणून ती रडते. आपली फिलूमावशी विहिरीवर बसून असंच म्हणायची ना? तिला कुठलं पुस्तक ठाऊक!

म्हणजे टीव्हीवाले म्हणतात दडवलं, आणि इथे यादीबाहेरचं पुस्तक भर वेदीशेजारी हार घालून उभं आहे. याची ब्रेकिंग न्यूज कोण करणार? दडवलेलं काहीच नाही, मग भाव कसला!

पण माझी पंचाईत वेगळीच आहे. 26 ला भाषण माझ्याच गळ्यात पडलंय. फादर म्हणतात, "खरं आहे इनास, पण म्हाताऱ्यांच्या कार्यक्रमात कशाला?" पोरगी पहिल्या रांगेत बसणार आणि वाट बघणार. तिच्या शेजारी आमची आई, जी बाळंतपण म्हटलं की आधी अन्नाआजीला मेणबत्ती लावते. काल सहज विषय काढला, तर म्हणाली, "मरियेला आई नव्हती काय?" यावर अथानासियस काय बोलला असता सांग! मला वाटतं, घरट्याची गोष्ट सांगावी आणि ती कुठल्या पुस्तकातली तेही तिथेच सांगावं. बायको म्हणते, मार खाशील.

तुझी दोहाची नोकरी टिकली हे ऐकलं, बरं वाटलं. सुनीताचे गुडघे कसे आहेत? पोराला अ‍ॅडमिशन मिळाली का?

26 च्या आत उत्तर दे. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हसतोस.

तुझा,
इनास