वासरू तोडायचा सल्ला देशी गायीला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देशी गायींच्या दूधवाढीवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. हिरवा चारा, खनिज मिश्रण, गोठ्यातली सावली याबद्दल जे लिहिले आहे ते रास्तच आहे. पण ‘वासरू जन्मताच आईपासून तोडावे, म्हणजे दूध वाचते’ हे वाचून राहवले नाही. होल्स्टीनसारख्या विदेशी गायींच्या गोठ्यात चालणारी ही रीत देवणी, डांगी या आपल्या जातींना जशीच्या तशी लावणारा माणूस देशी गायीच्या धारेला कधी बसलेला नाही, असे मला स्पष्ट म्हणावे लागते.

आमच्याकडे हे घडले आहे. एका प्रशिक्षण शिबिरात हेच सांगितले, म्हणून धाकट्या भावाने तिसऱ्या वेताच्या, म्हणजे तिसऱ्यांदा व्यालेल्या देवणीचे वासरू पहिल्याच दिवशी वेगळे बांधले. आधीच्या वेताला सकाळी चार लिटरला न हटणारी गाय. आता कास टम्म, सड ताठ, आणि बादलीत जेमतेम तांब्याभर दूध! पुढ्यात आंबोण ठेवले, कास कोमट पाण्याने धुतली, आईने पाठीवरून हात फिरवला. गाय मान वळवून हंबरत राहिली, पान्हा काही सोडला नाही. दोन-अडीच महिन्यांत आटली. शिबिरवाल्यांना विचारले, तर म्हणाले, ‘इंजेक्शन मारा.’ दुधासाठी गायीच्या प्रकृतीला बाधेल असे इंजेक्शन देणे हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे शिकवणाऱ्यांनाच ठाऊक नसावे?

वासराने तोंड लावले की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि कासेतले दूध सडात येते. हा जोर काही मिनिटांचाच. गाय बिचकली तर तेवढाही मिळत नाही. दूध कासेत अडकून राहिले की कास पुढचे दूध बनवणेच कमी करते. शिवाय फॅट असते शेवटच्या धारांत. त्या राहिल्या की डेअरीत दरही पडतो. म्हणून आम्ही आधी वासरू लावतो, पान्हा आला की बाजूला घेतो आणि शेवटी एक सड त्याच्यासाठी ठेवतो. याला लेखात ‘जुनाट पद्धत’ म्हटले आहे, याचा राग आला.

‘देशी’ म्हणून सगळ्या गायी एका दावणीला बांधल्या, तेही चूक. गीर वेताला दोन हजार लिटरच्या आसपास जाते, देवणी साधारण हजाराच्या आत राहते आणि खिलार तर मुळात ओढकामाची जात. गायीचे वेत कितवे, कालवड कोणत्या वयात पहिल्यांदा व्याली, पुढच्या विण्याआधी दोन महिने भाकड ठेवली का, यावरही दूध ठरते. यातल्या कशावरही लेखात एक ओळ नाही.

आणि छायाचित्र! देवणीच्या अंगावरही काळे-पांढरे ठिपके असतात, मान्य. पण तुम्ही छापलेल्या गायीला ना वशिंड, ना गळ्याखाली लोंबणारी पोळी. ती संकरित आहे, हे आमच्या गावातले शाळकरी पोरही सांगेल. छायाचित्राबद्दल खुलासा छापावा, आणि वासरू तोडायचा सल्ला होल्स्टीन-जर्सीपुरताच आहे हेही त्यातच लिहावे. पुरवणी वाचून गोठ्यात बदल करणारे लोक आमच्या भागात पुष्कळ आहेत.

आपला,
एक देवणीपालक, जि. लातूर