राणे यांचे शौर्य घड्याळ लावून वाचावे

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की परमवीर चक्र विजेते रामा राघोबा राणे यांच्यावर कुठे ना कुठे एखादा चौकोन छापून येतो. त्यात ‘मृत्यूला न जुमानता’, ‘एकहाती’, ‘गोळ्यांच्या वर्षावात’ हे शब्द ठरलेले असतात. त्यांनी नेमके काम काय केले, ते मात्र क्वचितच सापडते. राणे सॅपर, म्हणजे रस्ते करणारे आणि सुरुंग-अडथळे काढणारे लष्करी अभियंते होते आणि त्यांचे मानपत्र चक्क वेळापत्रकासारखे लिहिलेले आहे. ते वेळापत्रकच छापावे, विशेषणे गाळली तरी चालतील, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

जम्मू-काश्मीरमधल्या १९४७-४८ च्या युद्धात, मार्च १९४८ मध्ये झांगड परत मिळाल्यावर सैन्याला नौशेराहून राजौरी गाठायची होती. ८ एप्रिलला ४ डोग्रा ही पायदळाची पलटण पुढे निघाली, सोबत रणगाडे होते आणि रस्ता मोकळा करायला राणे यांच्या हाताखाली ३७ असॉल्ट फील्ड कंपनी या सॅपर तुकडीचे जवान. सकाळी ११ वाजता नाडपूर साउथजवळ काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार, पाच जखमी, आणि त्या पाचांत स्वतः राणे. म्हणजे पुढचे सगळे काम जखमी अवस्थेत आणि कमी माणसांनिशी झाले. ‘एकहाती’ हा शब्द म्हणूनच खटकतो. तो त्या दोन जवानांवर अन्याय करतो.

त्याच दिवशी साडेचारच्या सुमारास बरवालीची डोंगरधार हाती आली आणि राणे यांनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला घेतला. शत्रूला दिसत असताना रात्री १० पर्यंत काम चालले. ९ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात; दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार. मग ते सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये बसले. हे वाहन वरून उघडे, चिलखत पातळ. अर्धा मैल गेल्यावर चिडाची झाडे आडवी टाकलेली; ती उडवली. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तेच. ५ वाजता उद्ध्वस्त केलेली मोरी, सव्वासहाला पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वर मशीनगन. अंधार पडू लागल्याने रणगाड्यांच्या प्रमुखाने ताफा तिथेच थांबवला. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यावर परत गेले आणि साडेसहाला तो मोकळा केला. पुढचे हजार यार्ड अडथळे आणि उडवलेले भराव यांनीच भरलेले होते. ते साडेदहापर्यंत साफ झाले.

हे अडथळे इतके जड का जातात, ते कामाची पद्धत कळल्याशिवाय उमजत नाही. ज्या ओंडक्यावर कोणाची बंदूक रोखलेली नाही, तो म्हणजे नुसता खोळंबा. रोखलेली असली की तोच ओंडका ताफा तिथे थांबवून मारण्याची जागा होतो. डोंगरी रस्त्याला एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला उतार असतो, त्यामुळे रणगाडा कडेने काढता येत नाही. मोरी उडालेली असेल तर नाल्यात उतरण्याचा आणि वर चढण्याचा, असे दोन्ही उतार फावड्या-कुदळीने कापावे लागतात आणि तळाला दगड भरावे लागतात. चढ जास्त उभा राहिला किंवा माती भुसभुशीत राहिली, तर पहिला रणगाडा चढून जातो, त्याच्या पट्ट्यांनी माती उकरली जाते आणि दुसरा रुततो. शिवाय रणगाड्याला चालणारी वाट रसद आणणाऱ्या ट्रकला चालत नाही. १० तारखेला रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रातून पुढे गेले आणि दुपारी २ वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचलेही, तरी राणे मागे रस्त्यावरच राबत राहिले, ते याच कारणाने. रसदीशिवाय पुढे गेलेला रणगाडा फार काळ लढू शकत नाही. त्या दिवशी रात्री ९ पर्यंत, विश्रांती आणि जेवणाशिवाय, हे काम चालले.

सुरुंगांचे काम याहून किचकट. शोधक यंत्र धातूवर वाजते, आणि तोफगोळ्यांचे तुकडे विखुरलेल्या रस्त्यावर ते पावलापावलाला वाजते. मग उरते संगीन. ती उभी खुपसत नाहीत. जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन धरून हळू सरकवतात, म्हणजे टोक सुरुंगाच्या कडेला लागते, दाबाने उडणाऱ्या वरच्या भागाला नाही. खडी दाबून केलेल्या रस्त्यात प्रत्येक दगड सुरुंगासारखाच लागतो, त्यामुळे वेग मंदावतो. सापडलेला सुरुंग हाताने सरळ उचलत नाहीत, कारण खाली सापळा लावलेला असू शकतो. दोर बांधून आडोशाला जाऊन ओढतात. आडव्या झाडाखालीही आधी हेच पाहायचे.

झाड तोडण्यासाठी खोडात भोक पाडून स्फोटक भरले तर थोडे पुरते, बाहेरून बांधले तर कितीतरी पट जास्त लागते. पण भोक पाडायला वेळ जातो आणि गोळीबारात तो मिळत नाही, म्हणून सॅपर स्फोटक खर्च करतो. सेफ्टी फ्यूज, म्हणजे बार पेटवायची वात, फुटाला साधारण ३० ते ४५ सेकंद जळते. टोक ओल धरते म्हणून पहिला अर्धा फूट कापून टाकतात, एक तुकडा जाळून वेग तपासतात आणि मगच लांबी ठरवतात. बार उडालाच नाही तर सुरक्षेच्या नियमाने अर्धा तास जवळ जायचे नाही. मागे ताफा खोळंबलेला असताना हा नियम किती जाचक वाटत असेल, याचा वाचकांनीच अंदाज करावा.

११ तारखेला सकाळी ६ ते ११ काम करून चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि पुढच्या रस्त्यावर रात्री १० पर्यंत काम चालले. ८ तारखेच्या ११ वाजल्यापासून मोजले तर हे ८३ तास होतात, आणि नोंदलेल्या वेळांची बेरीज केली तर त्यांतले सुमारे साडेपंचावन्न तास कामाचे. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी हाती आली.

राणे यांचा हात या कामात कसा बसला, तेही लेखांतून निसटते. कारवारजवळचे चेंडिया हे त्यांचे गाव, जन्म २६ जून १९१८. १० जुलै १९४० रोजी ते साधे जवान म्हणून बॉम्बे सॅपर्स या खडकीच्या अभियंता गटात भरती झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बुथिडाँगहून माघार घेताना मागे राहून साधनसामग्री नष्ट करण्याचे काम त्यांच्याकडे होते. नायक, हवालदार, जमादार असे चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे नौशेराच्या रस्त्यावर अधिकारी म्हणून त्यांना चार महिनेही झाले नव्हते, पण फावडे आणि फ्यूज हाताळून जवळजवळ आठ वर्षे झाली होती. अशा माणसाला कोणता अडथळा किती वेळ खाईल, ते पाहताक्षणी कळते.

याच बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ मध्ये ॲबिसिनियात चार दिवसांत ५५ मैलांच्या पट्ट्यातली १५ सुरुंगक्षेत्रे साफ करवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोघांची मानपत्रे शेजारी छापली, तर खडकीच्या सॅपर्सवर वेगळा लेख लिहायला नको.

काही दुरुस्त्या. १९४८ मध्ये परमवीर चक्र अस्तित्वातच नव्हते. ते २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी हयातीत मान मिळालेले दोघे, राणे आणि लान्स नायक करम सिंग. रणगाड्याखाली रांगत दोरांनी चालकाला खुणा केल्याची गोष्ट मानपत्रात नाही. छापायचीच तर ऐकीव म्हणून छापावी. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले ते ‘लेफ्टनंट’ या पदासह, आणि बहुधा त्यामुळेच हुद्द्याचा घोळ होतो. नौशेराच्या संदर्भात ‘सेकंड लेफ्टनंट’ आणि एरवी ‘मेजर’ लिहावे. ‘कॅप्टन’ तेवढे टाळावे.

आपला,
अभियांत्रिकी दलातील एक निवृत्त वाचक