आधी उपचार, स्थळाचं नंतर बघू

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

धाकट्यासाठी मामांनी आणलेलं कराडचं स्थळ बघायला जाऊ नका. मुलगी शिकलेली आहे, चांगल्या घरची आहे, म्हणून तर अजिबात नको. फोनवर हा विषय काढला की आई रडते, आणि बाबा, तुम्ही ‘जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर’ म्हणून फोन ठेवता. म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरांच्या मते धाकट्याला नैराश्य आहे आणि गांजाची सवयही. एमपीएससीची पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा हुकली, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. सदाशिव पेठेतल्या खोलीवर कुणीतरी म्हणालं, दोन झुरके मार, झोप लागेल. लागलीही. पुढे तेवढ्यानं भागेना.

दिवाळीत त्यानं ताट भिरकावलं, तेव्हा आई, तुला वाटलं पोरगा नशा करून आलाय. पण घरी यायचं म्हणून त्यानं ओढणं बंद केलं होतं, त्याचा तो त्रास होता. रोजचा गांजा एकदम थांबवला की पहिला आठवडा असाच जातो. चिडचिड, घाम, जेवण नको, डोळ्याला डोळा नाही. पंधरा दिवसांत बरंचसं ओसरतं, पण आतलं नैराश्य तसंच राहतं आणि माणूस परत तिकडेच वळतो. म्हणून दोन्हींवर एकदमच उपचार चालू केलेत. सध्या भरती व्हायची गरज नाही. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. तुला अंगारा लावायचा तर लाव, मी अडवणार नाही. गोळी मात्र चुकू द्यायची नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला मानसिक आजार होता का? गांजानं भास-भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, आणि रक्ताच्या नात्यात तो असेल तर जास्तच. मी आत्याचं नाव घेतलं. पण मला आठवते ती मागच्या खोलीत भिंतीशी बोलत बसणारी आत्या. हे कितव्या वर्षी सुरू झालं, कुठली औषधं चालली, ते बाबांनाच ठाऊक. आणि बाबा, तिचंही लग्न ‘सुधारेल’ म्हणूनच लावलं होतं ना? आजी सांगायची, वर्षाच्या आत तिला दारात आणून सोडलं. आता आपण तेच दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात बांधायचं?

तुम्ही पु. लं.चे एवढे भक्त. 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाईंनीच हातभार लावला होता. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. त्या बायकांनाही कधीतरी कुणीतरी सांगितलंच असेल, तू आलीस की सुधारेल तो.

गावात बोभाटा होईल ही तुमची भीती मला कळते. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि व्यसनातून येणारे मानसिक त्रासही त्या कायद्यात धरलेत. आई, रात्री जीव घाबरा झाला तर 14416 वर फोन लाव. टेली-मानस म्हणतात, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. ते फक्त पेशंटसाठी नाही, तुझ्यासारख्यांसाठीही आहे.

पुढच्या गुरुवारी त्याला पुन्हा दाखवायचं आहे. तुम्ही दोघं बुधवारीच या, सकाळच्या एसटीनं. त्याच्यासमोर अभ्यासाचं काढू नका, जेवलास का एवढंच विचारा. मामांना नकार मी कळवते. त्यांना राग आला तर खुशाल माझ्यावर ढकला, तशीही त्यांच्या लेखी मी आगाऊच आहे.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, आत्याला मिरजेला दाखवलं होतं, त्याचे कागद कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत असतील. ते घेऊन या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा आईकडे बघू नका, तुम्हीच सांगा.